दोन डोक्यांचे रेणू आणि बारा वर्षांचा उशीर

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या दक्षिणेला कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतून निघालेला निकृष्ट कोळसा आणि दगडमाती बाहेर टाकून टाकून तिथे टेकाडे उभी राहिली. या टाकाऊ मालात लोखंड आणि गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज असते. त्याला हवा-पाणी लागले की काही जिवाणू त्यावर गुजराण करू लागतात, त्यातून गंधकाम्ल तयार होते, उष्णता बाहेर पडते आणि टेकाड आतल्या आत धुमसत राहते. 1970 साली गॅरी डार्लंड, थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात कळवले, की अशा एका धुमसत्या टेकाडात त्यांना एक सूक्ष्मजीव सापडला आहे. त्याला 59 अंश सेल्सिअस तापमान आणि 2 इतका सामू, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतकी आंबट परिस्थिती, सर्वांत मानवते. त्याचे नाव त्यांनी ठेवले थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम.

तापलेल्या आम्लात राहणारे जीव त्याआधीही माहीत होते. नवल वेगळेच होते. जिवाणूंच्या पेशीभोवती सहसा एक कणखर भिंत असते. या जीवाला ती नव्हतीच. बाहेरचे तापलेले आम्ल आणि आतला नाजूक कारभार यांच्यामध्ये होते ते फक्त काही नॅनोमीटर जाडीचे मेदाचे पटल. आत आम्लता जवळजवळ नाही, बाहेर हायड्रोजनचे आयन आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त, आणि तरी पटल फुटत नाही, गळत नाही. हे पटल कशाचे बनले आहे, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला.

नेहमीचे पेशीपटल कसे असते ते आधी सांगायला हवे. 1925 साली हॉलंडमधल्या लायडन इथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींचा मेद काढून पाण्यावर पसरला. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना छेदून गेल्या आणि निष्कर्ष बरोबर निघाला: पटलात मेदाचे दोन थर असतात. प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढ घेणारे एक डोके आणि पाण्यापासून पळणाऱ्या दोन शेपट्या. वरच्या थराच्या शेपट्या खाली, खालच्या थराच्या वर, आणि डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्यात. डोके आणि शेपट्या यांना जोडणारा बंध एस्टर प्रकारचा. साबण करताना अल्कलीने तेल फोडतात तेव्हा तुटतो तो हाच बंध. तो तापलेल्या आम्लातही तुटतो. शिवाय दोन थर एकमेकांना फक्त चिकटलेले असतात, बांधलेले नसतात. उष्णता वाढली की रेणूंची चुळबुळ वाढते आणि पटल गळू लागते. थर्मोप्लाझ्माला असले पटल परवडणारे नव्हते.

ब्रॉक यांना अशा जीवांचा ध्यास लागला होता तो अमेरिकेतल्याच यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमुळे. 1964 पासून ते तिथे जात होते. त्या काळी जीवसृष्टीची वरची मर्यादा 73 अंशांच्या आसपास मानली जाई, कारण प्रकाशसंश्लेषण करणारे जीव त्यापुढे टिकत नाहीत. ब्रॉक यांची युक्ती अगदी साधी होती. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेच्या पट्ट्या दोऱ्याला बांधून त्यांनी उकळत्या झऱ्यांत सोडल्या आणि काही दिवसांनी वर काढल्या. काचेवर जिवाणूंची दाट वाढ दिसली. पाणी 90 अंशांच्या वर होते. यलोस्टोनच्याच एका झऱ्यातून 1966 साली थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू हाती लागला. पुढे त्याच्याच विकराने पीसीआर तंत्र साऱ्या जगात पोहोचवले, पण तो वेगळा विषय. आपल्या कथेत महत्त्वाचा आहे तो 1972 साली ब्रॉक यांनी वर्णन केलेला सल्फोलोबस: गंधकावर जगणारा, सामू 2 ते 3 आणि 75 ते 80 अंशांत फोफावणारा.

मात्र या कथेचा पहिला अध्याय यलोस्टोनच्याही आधी कॅनडात लिहिला गेला होता, आणि त्याची सुरुवात खारवलेल्या माशांपासून झाली होती. अटलांटिकच्या किनाऱ्यावर कॉड मासा मिठात मुरवून ठेवत. त्यावर कधी कधी लालसर बुरा यायचा आणि माल वाया जायचा. ज्या मिठात काहीच जगू नये त्याच मिठावर पोसणारे हे सूक्ष्मजीव ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नॉर्मन गिबन्स अभ्यासत होते. तिथले मेदरसायनतज्ज्ञ मॉरिस केट्स यांनी त्यांचा मेद वेगळा काढायला घेतला. 1962 च्या पहिल्या निबंधावर केट्स आणि गिबन्स यांच्याबरोबर सुरेंद्रनाथ सेहगल यांचे नाव आहे. पुढे रॅपामायसिन हे औषध शोधणारे ते हेच सेहगल. 1965 च्या निबंधात पी. एस. शास्त्री हे दुसरे भारतीय नाव दिसते.

त्यांना आढळले ते असे. एरवीच्या मेदावर अल्कलीची प्रक्रिया केली की मेदाम्ले सुटी होतात. इथे ती सुटलीच नाहीत. शेपट्या एस्टरने नव्हे, इथर बंधाने जोडलेल्या होत्या, आणि तो तोडायला हायड्रआयोडिक आम्लासारखे जालीम रसायन लागते. शेपट्याही सरळ मेदाम्लांच्या नव्हत्या; 20 कार्बनच्या, ठरावीक अंतरावर फांदी फुटलेल्या फायटॅनिल साखळ्या होत्या. सर्वांत मोठी गोष्ट पुढेच होती. दोन्ही मेदांच्या गाभ्याशी ग्लिसरॉल असते. पण माणूस, झाड, बुरशी आणि तोवर तपासलेले जिवाणू यांच्यात साखळ्या त्याला ज्या बाजूने जोडलेल्या असतात, त्याच्या नेमक्या उलट बाजूने त्या इथे जोडलेल्या होत्या. एक रचना दुसरीची आरशातली प्रतिमा.

मला या इतिहासात सर्वांत जास्त थांबावेसे वाटते ते इथे. इथर बंध का, याला मीठ किंवा आम्ल हे उत्तर देता येईल. पण मिठाला डावे-उजवे कळत नाही. आरशातली प्रतिमा मिठाने घडवलेली असू शकत नाही. ती वारशानेच आलेली असणार. साठीच्या दशकात हा पुरावा छापून आला होता, वाचनालयांत उपलब्ध होता, आणि त्यावरून या जीवांची वंशावळच वेगळी असेल असे म्हणायला कोणी पुढे झाले नाही. वर्गीकरणाच्या ग्रंथांत हे मीठप्रिय जीव स्यूडोमोनाससारख्या साध्या जिवाणूंच्या शेजारी निमूट बसलेले राहिले.

आता परत थर्मोप्लाझ्माकडे. भिंत नाही, म्हणून त्याची गणना तेव्हा मायकोप्लाझ्मा या बिनभिंतीच्या जिवाणूंत झाली. मायकोप्लाझ्माच्या मेदाचे जाणकार होते साउथ डकोटा विद्यापीठातले पॉल स्मिथ. त्यांच्या प्रयोगशाळेत हे काम थॉमस लँगवर्दी यांच्याकडे आले. वर्गीकरण चुकीचे होते, पण त्या चुकीने नमुना नेमक्या हातांत पोहोचवला. 1972 साली लँगवर्दी यांनी दाखवले, की इथेही इथर बंध आहेत, फांद्या फुटलेल्या साखळ्या आहेत; मात्र साखळी 20 कार्बनची नाही, 40 ची आहे. 1974 साली सल्फोलोबसमध्येही तेच आढळले.

40 कार्बनची साखळी हे मोठे कोडे होते. पटलाचे दोन्ही थर मिळून जेवढी जाडी होते तेवढी ती एकटीच लांब. मग तिचे दुसरे टोक जाते कुठे? सुरुवातीला लँगवर्दी यांनी एका ग्लिसरॉलला दोन लांबलचक शेपट्या अशीच रचना मांडली. 1977 साली ती त्यांनी दुरुस्त केली. दुसऱ्या टोकालाही ग्लिसरॉल होते. दोन ग्लिसरॉल, त्यांच्यामध्ये समांतर ताणलेल्या 40 कार्बनच्या दोन साखळ्या, चार इथर बंध. पटलाच्या या बाजूला एक डोके, त्या बाजूला दुसरे, आणि मध्ये सांधाच नाही.

याच सुमारास इटलीत, नेपल्सच्या पश्चिमेला, दुसरा गट त्याच उत्तराकडे सरकत होता. पोत्सुओलीजवळ सोल्फातारा नावाचे ज्वालामुखीचे विवर आहे. जमिनीतून गंधकाची वाफ निघते, चिखल रटरटत असतो. तिथून जवळच आर्को फेलिचे इथल्या संशोधन संस्थेत मारिओ दे रोझा आणि आगाता गांबाकोर्ता काम करत. मँचेस्टरचे जॉन बुलॉक त्यांच्या साथीला होते. त्या परिसरातल्या गरम झऱ्यांतून त्यांनी सल्फोलोबससारखे जीव वाढवले आणि त्यांचा मेद इतक्या चिकाटीने तपासला, की आजही या रेणूंच्या रचनेचा आधार त्यांचेच काम आहे. दोन साखळ्या आणि दोन ग्लिसरॉल मिळून 72 अणूंचे एक प्रचंड कडे बनते. त्याच्या साखळ्यांमध्ये पाच कार्बनची छोटी वलये बसवलेली असतात, एका साखळीत चारपर्यंत. दे रोझा यांना दिसले, की जीव जितक्या जास्त तापमानात वाढवावा तितकी ही वलये वाढतात. वलये वाढली की रेणू जवळ जवळ दाटतात आणि पटल अधिक ताठ होते.

गोधडी शिवताना टाका वरच्या कापडातून खालच्या कापडापर्यंत आरपार जातो, म्हणून थर सरकत नाहीत. या पटलात प्रत्येक रेणू म्हणजे असा आरपार टाका. फरक इतकाच, की इथे शिवायला वेगळे कापडच नाही. टाके दाटीने उभे राहिले आणि त्यांचेच पटल झाले. दोन थरांऐवजी एकच थर, आणि विलग व्हायला दुसरा थरच नाही.

या साऱ्याचा अर्थ मात्र सगळ्यांनी एकच लावला: परिस्थितीशी जुळवून घेणे. मिठात, आम्लात, उकळत्या पाण्यात जगायचे तर मेद बळकट हवा; म्हणून वेगवेगळ्या जिवाणूंनी स्वतंत्रपणे एकच उपाय शोधला. इटालियन गटाच्या 1975 च्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांचे जीव सल्फोलोबसशी 'अभिसारी' असल्याचे म्हटले होते, म्हणजे मूळ वेगळे पण परिस्थितीमुळे सारखे झालेले. हे स्पष्टीकरण सोयीचे होते, उत्क्रांतीच्या शिकवणुकीत बसणारे होते, आणि चुकीचे होते. तीन ठिकाणी तीन वेगळ्या जीवांत तोच दुर्मिळ बंध, तीच फांद्यांची साखळी सापडते, तेव्हा नातेवाईक असण्याची शक्यता आधी तपासायला हवी होती. रसायनतज्ज्ञांना दोष द्यावासा वाटत नाही. जिवाणू म्हणून हातात दिलेला जीव जिवाणू नाहीच, असे म्हणण्यासाठी तेव्हा, जिवाणू आणि माणूस-झाड-बुरशी यांच्याखेरीज, तिसरा कप्पाच अस्तित्वात नव्हता.

तो कप्पा तयार केला इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोझ यांनी. मेदाशी त्यांचा संबंध नव्हता. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधल्या आरएनएचे ते तुकडे करत, किरणोत्सारी फॉस्फरसने त्यांचे ठसे फिल्मवर घेत आणि ते ठसे तासन् तास प्रकाशपेटीवर न्याहाळत. 1976 साली राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या, मिथेन वायू तयार करणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचे ठसे पाहिले तेव्हा त्यात जिवाणूंच्या नेहमीच्या खुणा नव्हत्या. नोव्हेंबर 1977 मध्ये हा तिसरा कप्पा मांडणारा वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला, बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली, आणि नोबेल विजेते साल्वाडोर लुरिया यांनी वुल्फना फोन करून या प्रकरणातून अंग काढून घेण्याचा सल्ला दिला.

मिथेनवाल्यांचे कुळ आणखी कोणाशी जुळते, याचा माग काढताना मेदाची जुनी माहिती कामी आली. मीठप्रिय जीव, थर्मोप्लाझ्मा, सल्फोलोबस यांचा विचित्र मेद आधीच नोंदलेला होता. 1978 मध्ये त्यांच्या आरएनएचे ठसे तपासले गेले आणि ते सगळे त्याच कुळात बसले. मग उलटी परीक्षा झाली. मिथेन बनवणारे कित्येक जीव ना उकळत्या पाण्यात राहतात ना आम्लात. ते दलदलीत, गुरांच्या पोटात असतात. त्यांचा मेद कसा असेल? 1979 साली टॉर्नाबेन आणि लँगवर्दी यांनी 'सायन्स'मध्ये उत्तर दिले: इथर बंधाचा, 20 आणि 40 कार्बनच्या साखळ्यांचा. जुळवून घेण्याचे स्पष्टीकरण इथे कोसळले. हा मेद कुळाचा होता, परिस्थितीचा नव्हता. केट्स यांच्या 1965 च्या निबंधापासून वोझ यांच्या निबंधापर्यंत बारा वर्षे गेली. वोझ यांच्या मागे ठामपणे उभे राहिले ते जर्मनीतले ऑटो कांडलर आणि वोल्फ्राम झिलिग. 1981 साली म्युनिकमध्ये या जीवांवरची पहिली परिषद भरली. आज आपण त्यांना आर्किया म्हणतो.

एकच थर असल्याची खात्री करण्याची पद्धत मला फार देखणी वाटते. 1966 साली डॅनियल ब्रँटन यांनी दाखवले होते, की पेशी गोठवून तडकवली की भेग पटलाच्या मधोमध जाते, दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि सूक्ष्मदर्शकात आतला सपाट पृष्ठभाग दिसतो. आरपार रेणूंचे पटल गोठवून तडकवले तर भेगेला मधून जायला वाट मिळत नाही. ती पटल आडवे चिरून निघून जाते. सपाट पृष्ठभाग दिसतच नाही. पुढे इटलीत जेनोव्हा इथे आलेस्सांद्रा ग्लिओझ्झी यांनी या मेदाची कृत्रिम पटले ताणून त्यांचे विद्युत गुणधर्म मोजले, आणि हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने दाखवले की या मेदाच्या फुग्यांमधून तापल्यावरही आयन फार सावकाश झिरपतात.

माणसाने असे पटल स्वतः बनवण्याची सुरुवात जपानमध्ये झाली. दोन टोकांना विद्युतभार असलेल्या रेणूंना 'बोलाफॉर्म' हे नाव येल विद्यापीठातल्या रेमंड फुओस यांनी 1951 मध्येच दिले होते, पण त्यांच्या डोक्यात पटल नव्हते. क्युशू विद्यापीठातल्या तोयोकी कुनिताके यांनी 1977 साली, पुन्हा तेच वर्ष, संपूर्ण कृत्रिम रेणूंपासून द्विस्तर पटल बनवले. दोन वर्षांनी ओकाहाता यांच्यासह त्यांनी दोन डोक्यांचे अमोनियम रेणू तयार केले आणि त्यांचे एका रेणूच्या जाडीचे स्थिर पटल पाण्यात आपोआप जुळून आले. मधली साखळी लवचीक असेल तर रेणू वाकून दोन्ही डोकी एकाच बाजूला आणू शकतो. म्हणून कुनिताके यांनी मध्ये बेंझिन वलयांचा ताठ तुकडा घातला. निसर्गाने तोच प्रश्न दोन समांतर साखळ्यांनी आणि छोट्या वलयांनी सोडवला होता. बर्लिनच्या युर्गेन-हिन्रिख फुरहोप यांनी ऐंशीच्या दशकात हा विषय पुढे नेला. दोन टोकांना दोन वेगळी डोकी बसवून पटलाच्या आतल्या-बाहेरच्या बाजू वेगळ्या करता येतात, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य. कुनिताके यांना 2015 चा क्योटो पुरस्कार मिळाला.

मग समुद्राची पाळी आली. 1992 पासून कळू लागले होते, की आर्किया साध्या थंड समुद्रातही आहेत, आणि प्रचंड संख्येने आहेत. त्यांच्या पटलातही हेच, दोन साखळ्या आणि दोन ग्लिसरॉल मिळून 86 कार्बनचे, आरपार रेणू सापडले आणि तापमानानुसार वलयांची संख्या तिथेही बदलते. हॉलंडच्या टेक्सेल बेटावरील सागर संशोधन संस्थेतल्या स्टेफान स्काउटेन यांच्या गटाने 2002 साली यातून जुन्या काळच्या समुद्राचा तापमापक घडवला: तळाच्या गाळातून मेद काढायचा, वलये मोजायची, त्या काळातले पाण्याचे तापमान काढायचे. आपल्या अरबी समुद्राच्या गाळावरून गेल्या 23 हजार वर्षांचे तापमान याच पद्धतीने वाचले गेले. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राचे पाणी 23 अंशांपर्यंत तापले होते, हेही त्या वलयांनीच सांगितले.

महाराष्ट्राला या कुळाची ओळख जून 2020 मध्ये झाली. लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मीठप्रिय आर्किया असल्याचे सांगितले. केट्स यांनी माशावरच्या बुऱ्यात पाहिले ते याच घराण्यातले. त्यांचा मेद 20 कार्बनच्या साखळ्यांचा, दोन थरांचा. आरपार रेणू त्यांच्यात नसतात. ते रेणू जोडणारे विकर मात्र बरीच वर्षे हुलकावणी देत राहिले. 20 कार्बनच्या दोन शेपट्यांची टोके, जिथे रासायनिक पकड जवळपास नाहीच, तिथे एकमेकांना जोडायची, हे काम कोण करते? 2022 साली दोन गटांनी, एकात पॉला वेलँडर आणि दुसऱ्यात स्क्वायर बुकर, ते विकर शोधून काढले.

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. फळ्यावर पेशीपटल काढताना आपण द्विस्तराची एकच आकृती काढतो आणि सर्व जीवांचे पटल असेच असते असे सांगून मोकळे होतो. शेजारी दुसरी आकृतीही काढा: दोन डोकी, मध्ये दोन साखळ्या, एकच थर. आणि तिच्याखाली वोझ यांच्याबरोबर केट्स, लँगवर्दी, दे रोझा आणि गांबाकोर्ता यांची नावेही लिहा.